पेशीवरचा एक केस आणि बाळाची उंची

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न ही आजही नवलाची गोष्ट नाही. सोयरीक ओळखीतली, मुलगी नात्यातली, म्हणून सगळे खूश. पण त्यामुळेच काही दुर्मीळ आनुवंशिक आजार माझ्यासारख्या साध्या फिजिशियनच्या ओपीडीतही दिसतात.

त्यातलाच एक एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड सिंड्रोम. १९४० साली या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. बाळाचे हातपाय आखूड, छाती अरुंद, करंगळीच्या बाजूला सहावं बोट, नखं खुरटलेली. साधारण निम्म्या बाळांच्या हृदयातही दोष असतो. बुद्धी मात्र सहसा चांगली असते.

असंच एक बाळ घेऊन एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात हिने विळी हातात धरली, म्हणून सहा बोटं." सून खाली मान घालून बसलेली. या सासूबाई म्हणजे तिची सख्खी आत्या, हे नंतर कळलं.

ग्रहणाचा यात काही संबंध नाही, हे मी ठामपणे सांगतो, कारण बिघाड नेमका कुठे होतो ते आता डोळ्यांनी पाहता येतं. आपल्या बहुतेक पेशींवर एकच बारीकसा केस असतो. त्याला प्रायमरी सिलियम म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. पूर्वी तो निरुपयोगी अवशेष समजला जाई. खरं तर तो पेशीचा अँटेना आहे. हाडांच्या टोकाशी वाढणारी कूर्चा असते. तिथल्या पेशी 'अजून वाढा' हा हेजहॉग नावाचा संदेश या अँटेनावर घेतात. (हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी. जनुकांना नावं देताना शास्त्रज्ञ फार गंभीर नसतात.)

एवढ्याशा केसातलं एखादं प्रथिन शोधायचं कसं? इथे अँटिबॉडी कामाला येते. ती तुम्हाला नवी नाही. ऊस तोडताना साप चावला की आपण जी लस टोचतो, ती घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचीच असते. मेडिकलमधल्या प्रेग्नन्सी किटच्या पट्टीवरही अँटिबॉडीच असतात. प्रत्येक अँटिबॉडी आपलं ठरलेलं सावज धरते.

प्रयोगशाळेत उंदराच्या हाडाचा पातळ काप घेतात. सिलियमचा दांडा ओळखणारी एक अँटिबॉडी आणि हवं ते प्रथिन ओळखणारी दुसरी त्यावर सोडतात. मग या दोघींना चिकटणारे वेगवेगळ्या रंगांचे चमकते कण घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली लाल दांडा आणि त्यावर हिरवा ठिपका दिसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ईव्हीसी हे प्रथिन कूर्चापेशींच्या सिलियमच्या अगदी बुडाशी असल्याचं दिसलं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत सिलियम जागेवर होता, पण हेजहॉगचा संदेश आत नीट पोचत नव्हता. अँटेना उभा, खालची वायर सैल.

अँटिबॉडी चुकतेही. भलत्याच प्रथिनाला चिकटली तरी ठिपका तितकाच सुंदर दिसतो. म्हणून ज्या उंदरात ते प्रथिनच नाही, त्याच्या कापावरही ती लावून बघतात. तिथेही ठिपका उमटला, तर ती अँटिबॉडी भरवशाची नाही. हा पडताळा नसलेल्या रंगीत चित्रांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

त्या सासूबाईंना मी कागदावर वंशवेल काढून दाखवली. या आजारात दोन्ही पालकांकडून एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं. बहुधा ते वरच्या एकाच जोडप्याकडून आत्या आणि तिचा भाऊ, दोघांत उतरलं. आत्याकडून मुलात, भावाकडून सुनेत. सासूबाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो, पहिलं मूल कसंही असो. अँटिबॉडीची ही तपासणी संशोधनापुरती आहे, रुग्णासाठी रक्तातून जनुकाची तपासणी करतात. बाळाच्या हृदयाची टूडी इको आधी करा. जनुकाचा रिपोर्ट पुढचा दिवस राहण्याआधीच हातात हवा, कारण त्यावरूनच ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा तपासता येतो. ही सोय पुण्या-मुंबईच्या नोंदणीकृत जेनेटिक केंद्रांत आहे. जाताना बाळाचे एक्स-रे आणि सगळे जुने कागद बरोबर न्या.