डंपर घेण्याआधी

चि. राजू,


परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'आत्या, इथे आहे काय? नुसतं जंगल आणि पाऊस. आता बंदर येतंय, तर माणसानं हातपाय हलवायचे नाहीत का?' तेव्हा मी गप्प बसले, कारण वहिनी तुझ्या शेजारीच बसली होती. तू विचारलंस एवढंच, की तिची ठेव मोडून आणि वर कर्ज काढून डंपर घ्यावा का. घेऊ नकोस. पण एवढं सांगून माझं भागत नाही.

नुसतं जंगल म्हणतोस? दादाची पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत. सरकारने १९६९ पासून माजी सैनिकांना ग्रेट निकोबारवर वसवायला सुरुवात केली. पंजाबी, मल्याळी, तमिळ कुटुंबं गेली, तशी आपल्याकडचीही गेली. कॅम्पबेल बेला उतरल्यावर पहिले कित्येक महिने अंगावरचे कपडे वाळलेच नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. नारळ धरायला लागले तर माकडं आधी पोचायची. तक्रार मात्र एकाही पत्रात नाही. दर पत्रात एक ओळ असायचीच: जमीन माझ्या नावावर आहे.

ही ओळ तो का लिहायचा, हे तुला मी सांगायला नको. कोयना धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात आप्पांना मिळालेला कागद तू लहानपणी पाहिला आहेस, पत्र्याच्या ट्रंकेत, मेणकापडात गुंडाळलेला. कागदावर जमीन होती आणि त्या जमिनीवर दुसऱ्याची ज्वारी उभी होती. धरण झालं, शिवसागर भरला, पोफळीला वीज तयार व्हायला लागली. विस्थापितांसाठी राज्याचा कायदा आला तो १९७६ मध्ये, म्हणजे गाव पाण्याखाली गेल्यावर कितीतरी वर्षांनी. तोवर माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी पांगली होती. कोयनेच्या विस्थापितांची आंदोलनं आपण या वयातही वर्तमानपत्रात वाचतोय. म्हणून मी पुन्हापुन्हा सांगते आणि तुम्ही पोरं कंटाळता: हातातली जमीन सोडायची ती दुसरी जमीन हातात आल्यावर, एक दिवस आधी नाही. आश्वासनावर नाही, बैठकीतल्या टाळ्यांवर तर नाहीच.

दादा निकोबारला गेला तो त्या बुडालेल्या गावामुळे. मग २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत त्याचीही खालची शेती समुद्रात गेली. इंदिरा पॉइंटकडची जमीन तर सव्वाचार मीटर खचली. दीपगृहाचा पायथा अजून पाण्यात आहे ना? तुम्ही पत्र्याच्या निवाऱ्यात राहिलात, उन्हात तो तापायचा आणि पावसात आत बोललेलं ऐकू यायचं नाही. त्यातून वाचली ती वरची सुपारीची वाडी. आणि आता गांधीनगर-शास्त्रीनगरच्या जमिनी विमानतळासाठी घेणार, त्यात तीही जाणार! एकाच घराची तिसऱ्यांदा जमीन जाते आहे, राजू, आणि तू मला डंपरचे हप्ते सांगतोस.

गलाथियात बंदर, शेजारी विमानतळ, वीजकेंद्र, शहर. आज तुमच्या बेटावर आठेक हजार माणसं असतील. पुढच्या तीस वर्षांत ती साडेतीन लाखांच्या घरात न्यायचं म्हणतात. त्यासाठी एकशे तीस चौरस किलोमीटर जंगल वळवणार आणि बदल्यात झाडं लावणार हरियाणात. दादाने पाहिलेल्या जंगलाची भरपाई हरियाणात कशी होते, हे मला कुणीतरी समोर बसवून समजावून सांगावं. त्या गलाथियाच्या वाळूत समुद्री कासवांतली सगळ्यात मोठी जात अंडी घालायला येते. ज्या अभयारण्याने ती वाळू राखली, ते जानेवारी २०२१ मध्ये रद्द करून टाकलं. आणि त्या जंगलात राहणारे शोंपेन आदिवासी? २०११ च्या जनगणनेत सगळी मिळून २२९ माणसं. दादा लिहायचा, की मध घेऊन येतात, उभ्या उभ्या बोलतात आणि जंगलात जातात. ते काही मोबदल्याच्या रांगेत यायचे नाहीत.

राजीवनगरमधल्या निकोबारींना विचारलंस का कधी? सुनामीनंतर त्यांना पश्चिम किनाऱ्यावरून तिथे आणून ठेवलं. परत आमच्या गावी जाऊ द्या, असं ते तेव्हापासून म्हणताहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये या प्रकल्पाला ना-हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, कारण ज्या जमिनी जाणार त्यांत आपलीच जुनी गावं आहेत, हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. माणसं शहाणी आहेत. तुला त्यांच्याकडे जाऊन बसायला काय होतं?

तुझा राग मला कळतो. मी तिकडे आले होते तेव्हा जहाज लांबलं होतं. दुकानात कांदा नव्हता, बटाट्याला मोड आले होते, आणि जेट्टीवर माणसं आकाशाकडे बघत बसली होती. वहिनीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा हेलिकॉप्टरची वाट बघताना तू कसा झाला होतास, तेही मला माहीत आहे. पण मला सांग, जहाज वेळेवर यायला गलाथिया कशाला लागतो? जेट्टी आहेच. दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर कायमचा बसवायला एक झाड तरी तोडावं लागेल का? २०२० मध्ये समुद्राखालून इंटरनेटची केबल थेट तुमच्यापर्यंत आली, तेव्हा कुणी तुमची वाडी मागितली नव्हती. जहाज, डॉक्टर, शाळेत विज्ञानाचा मास्तर, हे तुमचं देणं आहे, राजू, पन्नास वर्षांचं थकलेलं. ते बंदराच्या पायघडीवरून येईल असं कुणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि डंपर! एवढी मोठी कामं घेणारे ठेकेदार आपली यंत्रं, आपले ड्रायव्हर बोटीत भरून आणतात. तुझ्या एका गाडीला ते काम देतील ते त्यांची गाडी बंद पडेल त्या दिवशी. खाऱ्या हवेत पत्रा किती दिवस टिकतो, हे तुझ्या स्कूटरकडे बघून तुला कळायला हवं. सुटा भाग बिघडला तर तो यायचाही त्याच जहाजाने.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की कर. सही कुठेच करू नकोस. संमतीपत्र म्हणून जो कागद पुढे केला जाईल, त्यावर सर्व्हे नंबर, क्षेत्र, दर आणि बदली जमीन कुठे, हे सगळं लिहिलेलं हवं. झाडांची मोजणी वेगळी हवी, सुपारीचं एकेक झाड. सुनामीत बुडालेल्या जमिनीचा हिशेब त्यात धरला आहे का, ते लेखी विचार आणि पोच घे. तोंडी उत्तर देणारा साहेब सहा महिन्यांत बदलून जातो. दादाचं वाटपपत्र कुठे आहे? निवाऱ्यातून नव्या घरात जाताना वहिनीने ते पिठाच्या डब्यात ठेवल्याचं मला आठवतंय, त्याला ओल लागली नसेल ना? दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठव, इथे माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना दाखवते.

वहिनीच्या ठेवीचं सांगायचं तर मनूला नर्सिंगला घाल. तुमच्या दवाखान्यात तिच्यासारखी मुलगी लागणारच आहे, बंदर होवो न होवो. प्रवेशाची शेवटची तारीख आणि फी किती, ते कळव. राहायला ती माझ्याकडे येईल, खोली रिकामीच आहे. आणि डंपरवाल्याला इसार देऊन बसला असशील, तर तेही न लपवता लिही. किती दिला आणि पावती घेतलीस का, ते आधी सांग.

तुझी,
आत्या