ओळख न पटलेली सेवा

मांडवगण म्हटले की पुढे 'फराटा' लावावे लागते; नाही तर श्रीगोंदा तालुक्यातले मांडवगण मध्ये येते. लिनक्सच्या राज्यातही नावाचा असाच आग्रह. डेबियनवर जिला 'अपाची२' म्हणायचे, तिलाच रेड हॅटवर 'एचटीटीपीडी' अशी हाक मारावी लागते. २०१४ साली रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आली, आणि जुन्या नावाने हाक मारणाऱ्यांना अशी कोणी सेवाच नाही, असे कोरडे उत्तर मिळू लागले. आमच्यापुढे आलेल्या प्रकरणात मात्र नाव अचूक होते.

२०१९ची दिवाळी आठवड्यावर आली होती. गावातल्या एका दूध संकलन केंद्राचा जुना संगणक निकामी झाल्याने नव्यावर डेबियन १० घातले होते. काट्यावरचे वजन टिपून प्रत्येकाच्या खात्यावर मांडणारी एक छोटी सेवा जुन्या डिस्कवरून पेनड्राइव्हने आणून 'इनिट-डी'च्या फोल्डरात ठेवलेली होती. ती सुरू करू जाता यंत्र म्हणे, असे युनिट सापडत नाही. दहा दिवसांचा दुधाचा हिशेब अडलेला, आणि त्या पैशांवर कुणाकुणाचा सणाचा बाजार ठरलेला.

"फाईल तर हितंच हाय की दादा, मग वळखत कसं न्हाय?" केंद्र सांभाळणाऱ्या मुलाचा हा प्रश्न रास्त होता. मतदान केंद्रावर माणूस सदेह उभा असतो, पण यादीत नाव नसले की तो नसल्यातच जमा. तसलाच हा प्रकार. सिस्टिमडी फाईलकडे थेट पाहत नाही. जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टांवरून ती आपली एक यादी तयार करते, आणि ज्या फाईलला चालवण्याची परवानगी नसेल तिला वगळून पुढे जाते. पेनड्राइव्हवरची फॅट पद्धत ही परवानगी साठवतच नाही. प्रवासात नेमकी तीच गळली होती. फाईलची सविस्तर नोंद पाहिली, तर 'एक्स' हे अक्षर कुठेच नव्हते.

'सीएचमॉड'ने परवानगी दिली. तरीही उत्तर तेच! कारण यादी जुनीच होती. 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' असे सांगितल्यावर ती नव्याने वाचली गेली, आणि सेवा मुकाट्याने सुरू झाली.

२०१० साली लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टिमडी मांडली. २०१५च्या डेबियन ८ मध्ये ती रुजू झाली. त्यावरून एवढे रण माजले की काही मंडळींनी देव्हुआन नावाची वेगळी चूलच मांडली. त्या भांडणात आम्हांला रस नाही. (जुनी व्यवस्थाही अशा फाईलला 'अनोळखी सेवा' एवढेच म्हणत असे.) आमची तक्रार शब्दांच्या कंजूषपणाबद्दल आहे. फाईल दिसली पण वगळली, हे यंत्राला ठाऊक असते. मग 'सापडत नाही' का म्हणावे? एवढे एक वाक्य अधिक बोलले असते, तर चार तास वाचले असते.

तो मुलगा मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याच रात्री त्याने आमच्याकडून युनिट फाईल कशी लिहायची ते विचारून घेतले, आणि 'डॉट सर्व्हिस' हे शेपूट न विसरता सहा-सात ओळींची नवी फाईल स्वतः तयार केली. बिले छापून होईपर्यंत सकाळच्या दुधाच्या किटल्या दारात आल्या होत्या.