वड्डुकोट्टैची जुजबंदी

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीतील अकरा जणांनी बारा दिवसांच्या सेवायात्रेसाठी परदेशी जावे असे ठरले, तेव्हा कोणी नेपाळचे नाव काढले, कोणी केनियाचे. परंतु मी श्रीलंकेतील जाफन्याचा आग्रह धरून बसलो, आणि त्या आग्रहाचे कारण आमच्याच इतिहासात होते. 1812 साली अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाच तरुण मिशनरी हिंदुस्थानाकडे धाडले. कलकत्त्यास कंपनी सरकारने त्यांना राहण्यास मज्जाव केला आणि ते पांगले. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईस पोहोचले, आणि त्यांच्या खटपटीतून जे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले त्याने 1831 साली आमच्या नगरात ठाणे केले. सॅम्युएल न्यूएल मात्र आपल्या एकोणीस वर्षांच्या पत्नीला, हॅरिएटला, मॉरिशस बेटावर मूठमाती देऊन एकटाच सिलोनला गेला, आणि तेथून त्याने बोर्डाला जाफन्याची जी हकिकत कळवली तिच्यावर विसंबून 1816 मध्ये तेथील मिशन सुरू झाले. न्यूएल स्वतः पुढे मुंबईस आला आणि 1821 साली पटकीने वारला. जाफन्याची मंडळी ही अशी आमची सख्खी बहीण. परंतु दोनशे वर्षांत आमच्यापैकी कोणी तिच्या दारी गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नव्हते.

कोलंबोहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी वाव्हुनियाच्या पुढे गेली की हिरवी झाडी विरळ होत जाते, आणि आनैइरवुच्या खाजणावरून, म्हणजे ज्या चिंचोळ्या वाटेसाठी यादवी युद्धात पुनःपुन्हा रक्त सांडले त्या वाटेवरून, गाडी जाफन्याच्या द्वीपकल्पात शिरते तेव्हा खिडकीबाहेर केवळ ताडच ताड दिसू लागतात. युद्धाने 1990 पासून बंद पाडलेला हा लोहमार्ग एका भारतीय कंपनीने नव्याने बांधल्यानंतर 2014 मध्ये जाफन्यापर्यंत पुन्हा सुरू झाला. या मुलखात बारमाही नदी नाही. चुनखडीच्या पोटात साठलेल्या पावसाच्या पाण्यावर सारी शेती चालते, आणि प्रत्येक अंगणात विहीर आहे. दुष्काळी जिल्ह्यातून आलेल्या आम्हा सर्वांच्या नजरा प्रथम त्या विहिरींकडे गेल्या.

आमचा मुक्काम वड्डुकोट्टै येथे होता. तेथील जाड भिंतींचे चर्च पोर्तुगीज अमलापासूनच्या जागी डच लोकांनी उभारलेले. पोर्तुगीजांनी 1619 मध्ये जाफन्याचे राज्य जिंकले आणि येथला शेवटचा राजा संकिली याला गोव्यास नेऊन देहान्त शासन दिले. ख्रिस्ताचे नाव या किनाऱ्यावर तलवारीच्या सावलीत आले, हे त्या भिंतींपाशी उभे राहून आम्ही विसरता कामा नये असे मला फार वाटले. 1658 मध्ये डच आले, 1795 मध्ये इंग्रज. अमेरिकनांनी मोडकळीस आलेल्या या वास्तूची डागडुजी केली आणि 1823 मध्ये शेजारीच विद्यालय काढले. मद्रास विद्यापीठाचे 1857 मधील पहिले दोन्ही पदवीधर या विद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांतले दामोदरम् पिल्लै म्हणजे ताडपत्रांत लोपत चाललेल्या प्राचीन तमिळ ग्रंथांना छापील रूपात आणणारे पंडित. 1841 साली येथल्या मिशनने ‘उदयतारकै’ हे पत्र काढले. पुढल्याच वर्षी नगरला आमचा ‘ज्ञानोदय’ निघाला.

आमच्यावर सोपवलेले काम साधे होते. मंडळीच्या एका शाळेचे ग्रंथालय युद्धाच्या धामधुमीत तीनदा हलवले गेले होते, आणि पोत्यांतून व पत्र्याच्या पेट्यांतून परतलेली काही शे पुस्तके खिळखिळी होऊन पडली होती. आमच्यात एक वयस्क बुकबाइंडर होते. सारे त्यांना दादा म्हणत. त्यांनी एक पुस्तक उचलले, पाठ सोलून काढली, कुजलेली शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, “जुजं शाबूत आहेत. शिवली की उभी राहतील.” दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या पडवीत आमचा कारखाना सुरू झाला. कोणी पाने पुसून क्रमाने लावी, कोणी फाटक्या कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावी, आणि दादा दाभणाने भोके पाडून मेणवलेल्या दोऱ्याने एकेक जुज, म्हणजे घडी केलेल्या पानांचा एकेक गठ्ठा, मागच्याला बांधत जात.

त्यांच्याजवळ शिकायला शाळेतील एक मुलगी येऊन बसली. दादांना तमिळ येत नव्हती, तिला मराठी. खळ शिजत असताना दादांनी कसरीपासून रक्षण व्हावे म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकला, आणि तो निळा खडा हातात धरून ती म्हणाली, “मयिल्तुत्तम्.” शाळेच्या अक्कांनी उलगडा केला की मयिल् म्हणजे मोर. दादांनी दोरा उचलून दाखवला, ती म्हणाली, “नूल.” नंतर पुस्तक उचलले, तरी ती म्हणाली, “नूल.” तमिळमध्ये सुताला आणि ग्रंथाला एकच शब्द आहे, हे कळल्यावर दादा क्षणभर सुई हातात घेऊन थांबले. आपल्याकडेही सूत्र म्हणजे दोरा आणि सूत्र म्हणजे शास्त्रवचन. पण जन्मभर पुस्तके शिवूनही हे कधी मनात आले नव्हते, असे ते मला रात्री म्हणाले.

या मुलखात पुस्तकाचे मोल निराळे आहे. 1981 च्या मे महिन्याच्या अखेरच्या रात्री जाफना शहराचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले आणि सुमारे 97,000 ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. त्या अक्का तेव्हा लहान होत्या. अर्धवट जळालेली पाने वाऱ्यावर उडत येत असत एवढेच त्यांनी सांगितले, आणि पुढे बराच वेळ त्या एका पुस्तकाची कडा सरळ करीत राहिल्या.

मला मात्र तेथे एका मुद्रकाची आठवण सोडीना. 1820 साली अमेरिकन बोर्डाने जेम्स गॅरेट नावाचा मुद्रक जाफन्याच्या मिशनसाठी पाठवला. परंतु सिलोनच्या इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नराने, सर एडवर्ड बार्न्स याने, त्यास राहण्याचा परवाना नाकारून मुलखाबाहेर जाण्याचा हुकूम केला. गॅरेट मुंबईस आला आणि 1831 मध्ये मरेपर्यंत आमच्या मिशनचा छापखाना चालवीत राहिला. याच छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढण्याची उमेद आली, आणि याच छापखान्यात पुढे निर्णयसागराचे जावजी दादाजी उमेदवारी करून गेले. जाफन्याला नाकारलेला माणूस मराठी मुद्रणाच्या पायाशी कामी आला. तेव्हा नगरच्या एका कारागिराने त्या भूमीवर बसून पुस्तके शिवावीत, यात आम्ही काही दान करीत होतो असे मी म्हणू शकत नाही. ती फार दिवस थकलेल्या हप्त्याची फेड होती.

मानिप्पाय येथील रुग्णालय पाहताना हीच गोष्ट मनात अधिक पक्की झाली. डॉक्टर सॅम्युएल ग्रीन 1847 मध्ये जाफन्यास आले आणि, मधली काही वर्षे वगळता, 1873 पर्यंत राहिले; तमिळ शिकले, शरीरशास्त्राचे व शस्त्रक्रियेचे ग्रंथ तमिळमध्ये आणले, आणि साठाहून अधिक स्थानिक वैद्य त्याच भाषेत तयार केले. बारा दिवसांच्या फेरीला मिशन म्हणण्याची आज जी रूढी पडली आहे, ती मला म्हणूनच खटकते. बारा दिवसांत भाषा येत नाही, आणि भाषेवाचून सांगितलेली सुवार्ता ऐकणाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरच राहते. बारा दिवसांत भेट होते. भेट ही थोर गोष्ट आहे. तिला भेटच म्हणावे.

रविवारच्या उपासनेत वेदनायगम् शास्त्रींचे कीर्तन गायले गेले. हे कवी तंजावरचे, मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली सरफोजी राजांबरोबर शिकलेले. मराठ्यांच्या राजधानीत उमललेली ती वाणी जाफन्याच्या बायका कर्नाटकी सुरात आळवीत होत्या, आणि मागच्या बाकावर आमच्यातल्या एक आजीबाई, नगरला नारायण वामन टिळकांची भजने म्हणताना धरतात तसाच, हाताने ताल धरून होत्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सतरा पुस्तके शिवायची राहिली. दादांनी आपले दाभण, दोन सुया आणि मोरचुदाची पुडी त्या मुलीच्या ओंजळीत ठेवली. पहाटे बस येण्यापूर्वी मी पडवीत गेलो, तेव्हा चटणी वाटण्याच्या पाट्याखाली चार पुस्तके दाबून ठेवलेली होती; खळ अजून ओली होती, आणि वरच्या पुस्तकाच्या पाठीवर दोऱ्याची गाठ दादा मारतात तशीच, डाव्या बाजूला मारलेली होती.