अनोळखी माणसाचा शब्द

औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हे आल्यागेल्यांचे शहर आहे. कुणी लेणी पाहायला येतो, कुणी वाळूजच्या कारखान्यांत काम शोधायला, कुणी गावाकडचा रुग्ण घेऊन घाटीत. त्यांतले काही जण चर्चच्या पायरीशी येतात आणि ‘मी ख्रिस्ती आहे, अडचणीत आहे’ एवढीच ओळख सांगतात. अशा वेळी आम्हां उपासकांपुढे जुनाच प्रश्न उभा राहतो: हे खरे मानावे ते कशावरून?

शास्त्र येथे सोपी वाट देत नाही. प्रेमाला विश्वास टाकायला शिकवणारा पौलच थेस्सलनीकाकरांना सर्व काही पारखून घ्यायला सांगतो. बरे, पुराव्यावर विसंबावे, तर यहोशवाच्या पुस्तकातले गिबोनकर आठवतात. बुरसलेली भाकरी आणि झिजलेले जोडे दाखवून ते दूरदेशीचे ठरले. करार झाला, आणि तीन दिवसांत कळले की ते शेजारचेच. पुरावा तपासला गेला होता. थांबणे तेवढे राहिले होते.

आद्य मंडळीने यावर एक क्रम बसवलेला दिसतो. ‘दिदाखे’ या छोट्या ग्रीक नियमपुस्तिकेचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले व १८८३ साली छापले गेले. प्रभूच्या नावाने येणाऱ्याला आधी घरात घ्यावे, पारख त्यानंतर करावी. वाटसरूने दोन-तीन दिवस राहावे, कायमचे राहायचे असल्यास काम करून खावे, असा तिचा आशय आहे. भाकरीला चौकशीची अट नाही. मंडळीचा शब्द खर्ची पडायचा असेल, तेथे मात्र चौकशी हवी.

आपल्याकडचे उदाहरण नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली आगगाडीत एका अपरिचित युरोपीय प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. असले बोलणे हसून सोडून देता आले असते. टिळकांनी ते मानले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन पाळले. पडताळता येईल तेवढे पडताळले, उरलेले काळावर सोपवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, याहून आम्हांला त्यांची वाचण्याची तयारी मोलाची वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठवाड्यातल्याच एका खेड्यातून एक बाई आली. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडेच वारला, मुलांना वसतिगृहात ठेवायचे आहे, मंडळीची चिठ्ठी हवी, असे तिचे म्हणणे. राहण्याजेवणाची सोय त्याच संध्याकाळी झाली. चिठ्ठीसाठी थांबायला सांगितले. आमच्यापैकी दोघे तिच्या गावी जाऊन आले. तिची मागणी त्यांनी तेथे कोणाला कळू दिली नाही. बाप्तिस्मा खरा निघाला, मुले खरी, उपासमार खरी. नवरा मात्र जिवंत होता. दुसरे घर करून तिकडेच राहिला होता.

बैठकीत कुणी म्हणाले, बाई खोटे बोलली, विषय संपला. आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, ‘‘मेला म्हणलं की लोक आत घेतेत. टाकलं म्हणलं की आधी माझ्याकडंच बघतेत.’’

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. खोटे तिचे होते. पण ते आमच्यासारख्यांच्या कानांच्या मापाने बेतलेले होते. विधवेची कीव करणारे जग टाकलेल्या बाईचा दोष शोधते, हे ती अनुभवाने शिकली होती. चिठ्ठी लिहिली गेली. तीत ‘विधवा’ हा शब्द नव्हता. नवऱ्याने टाकले आहे, असे स्पष्ट लिहिले होते, आणि खाली मंडळीची सही होती. मुलांना प्रवेश मिळाला.

साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाची विश्वासार्हता तपासतो. निवेदन कोणासाठी रचले आहे, हेही विचारतो. हा दुसरा प्रश्न मंडळीनेही स्वतःला विचारायला हवा. लूकच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेची वार्ता प्रथम स्त्रिया आणतात, आणि प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटते. वार्ता खरी होती; उणीव ऐकणाऱ्यांत होती. पारख करायला बसताना हा प्रसंग आम्ही समोर ठेवतो.