एका छपराखाली वेगळ्या चुली

चवथीला मूळ घरी भाऊबंद जमतात तेव्हा छप्पर एक, गणपती एक, पण चुली वेगळ्या. सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणजे हेच, असे मी ऑफिसात सांगतो. एकाच यंत्राच्या पोटात चार-पाच संगणक नांदतात. एकाला ताप आला म्हणून दुसरा अंथरूण धरत नाही. कल्पना जुनीच. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती १९७२ साली बाजारात आणली होती.

मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने कारकून. या भानगडीत पडलो ते गावच्या नाट्यमंडळामुळे. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता आम्ही २००३ च्या सुमारास संगणकावर उतरवल्या. युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. जुन्या फॉण्टात मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसलेले असते, त्यामुळे त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की धृतराष्ट्राच्या तोंडी नुसती इंग्रजी चिन्हे! मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. लिहिणाऱ्यांपैकी दोघे आता नाहीत. ते सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालते, वर त्याला यूएसबीत खोचायचे 'कुलूप' लागते. आणि तो एक्सपीवाला संगणक शेवटच्या घटका मोजत होता.

व्हीएमवेअरचे नाव मोठे. पण २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि कायमचे परवाने विकणे बंद झाले. मंडळाच्या पेटीत नारळाचे पैसे! म्हणून फुकटचे प्रॉक्समॉक्स घेतले. आधी बायोसमध्ये प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करायची. मग पेनड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स बसवायचे आणि पुढचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून, ८००६ क्रमांकाच्या पोर्टवर.

एक्सपीसाठी डिस्क 'आयडीई' प्रकारचीच निवडावी. नवा 'व्हर्टआयओ' प्रकार वेगवान खरा, पण एक्सपी त्याला ओळखत नाही आणि निळा पडदा दाखवते. मेमरी ५१२ एमबी पुरे. नेटवर्क कार्ड मी दिलेच नाही. २०१४ पासून एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, तिला इंटरनेटच्या बाजारात कशाला पाठवायचे? राहिले कुलूप. हार्डवेअरच्या यादीत यूएसबी उपकरण म्हणून ते या संगणकाच्या नावे केले आणि सॉफ्टवेअर निमूट उघडले. धृतराष्ट्र मराठी बोलू लागला!

आता रोज रात्री एकेक प्रवेश युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर करताना रफार मात्र हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. तो हातानेच जागेवर आणावा लागतो.