मालकी नडली

औसा तालुक्यातला आमचा वाडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, पडला नाही. मागची एक भिंत मात्र पोट काढून बाहेर आली. आमच्याकडच्या भिंती म्हणजे दोन्ही अंगांना दगड आणि मधे माती-खडे. दोन्ही अंगं सांधणारे लांब दगड नसले की धक्क्यात ती सुटी होतात. वर माळवदाचा भार. दर पावसाळ्याआधी आम्ही पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचो, जुना कधी उतरवला नाही. हा गाढवपणा निदान पिढीजात होता.

पुढचा माझा एकट्याचा. भीतीपोटी माती उतरवून पत्रे घातले, इथवर ठीक. मग भिंतीही ‘पक्क्या’ करायच्या म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. म्हातारा गवंडी चुना वापरा म्हणत होता, मला ते मागासलेपण वाटलं. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल मातीच्या गिलाव्यातून वाळून जायची. सिमेंटने तिची वाट बुजवली, तशी ती भिंतीतल्या सागवानी खांबांत मुरली. बाहेरून भिंत गुळगुळीत, पाहुणे कौतुक करत. खांबांची बुडं कुजलीत हे कळलं ओसरीची तुळई खचल्यावर.

विल्यम मॉरिस वाचला तो त्यानंतर. भिंतीच्या कागदांवरच्या, कापडांवरच्या नक्षीसाठी जगभर नाव असलेला हा माणूस. ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यातल्या केल्मस्कॉट मॅनर या जुन्या घरात तो १८७१ पासून १८९६ मध्ये मरेपर्यंत भाडेकरूच होता. जुन्या इमारती ‘नव्या’ करणाऱ्यांविरुद्ध त्याने १८७७ मध्ये संस्था काढली: रोजची निगा ठेवा, डागडुजी करा, खरवडू नका. एवढा नक्षीकार, पण त्या घरात भाडेकरू. मी मालक, मला कोण अडवणार?

तरी मॉरिस जसाच्या तसा इकडे आणता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली, अशाच माळवदांखाली. भार उतरवणं, भिंतीत जोडदगड घालणं भाग होतं, आणि नेमके जोडदगडच मी गिलाव्याच्या खर्चापायी पुढे ढकलले.

आता खालचा गुडघाभर पट्टा सोलून चुना लावलाय. वरचं सिमेंट ओढलं की भिंतीची मातीही ढासळते, म्हणून गवंड्याने ते तसंच ठेवलंय.