डाव्या पायाचा खर्च

टाटाच्या ट्रकच्या आकड्यातच त्याची कुंडली असते. १६१३ म्हणजे सोळा टनांची गाडी आणि एकशेतीस अश्वशक्तीचं इंजिन. २५१८ म्हणजे पंचवीस टन, एकशेऐंशी. २०१८ साली केंद्राने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहाटायरी गाडी २५ वरून २८.५ टनांवर गेली आणि पुढे २८१८ आली. सवलत कागदावर कोणत्या गाडीला लागू, हा भाग निराळा. भरणाऱ्यांनी जुन्या गाडीतही हात सैल सोडला. आतली क्लचची प्लेट मात्र जुन्याच हिशोबाची. मग अकोटला स्पेअरच्या दुकानात ‘हेवी ड्यूटी क्लच द्या’ असं मागणारे येतात.

•

मोसमात अकोटातून निघणाऱ्या मालात रुईच्या गाठी क्लचला सगळ्यांत कमी छळतात. गाठ १७० किलोची, गाडीला शंभर गाठी, म्हणजे १७ टन. पण डांबरी रस्ता, वरचा गिअर, मोजकेच थांबे. प्लेट जळते ती संत्र्यात आणि केळीत. वजन कमी असलं तरी गाडी पांदणीने पार बांधापर्यंत न्यावी लागते. वरून पाऊस झालेला, खाली काळी माती. चाक रुतलं की ड्रायव्हर एकदा पहिला, एकदा रिव्हर्स असे हेलकावे देतो आणि प्रत्येक हेलकाव्याला क्लच अर्धा दाबलेला. इंजिन फिरतं, चाक फिरत नाही. मधला सगळा फरक प्लेटवरचं लायनिंग सोसतं. पाच मिनिटांत तो करपट वास सुटतो. एकदा घेतला की माणूस तो विसरत नाही.

मिस्तरी म्हणतो, “काहून जायतं बाप्पा प्लेट? दोन भारे पऱ्हाट्या टाक ना चाकाखाली.” टाकतात, पण वास आल्यावर.

•

दुसरी जागा जिनिंगची रांग. वजनकाट्यापुढे गाड्या लागलेल्या, दर दोन मिनिटांनी हातभर सरकायचं. इंजिन बंद करायचा कंटाळा, न्यूट्रल करायचाही कंटाळा, म्हणून पाय अर्ध्या क्लचवर. दिवसभराच्या प्रवासात झिजणार नाही एवढी प्लेट या रांगेत झिजते. शिवाय रिलीज बेअरिंग फिरत राहतं ते वेगळंच.

•

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी अकोट–अकोला रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरला जुना पूल धोक्याचा ठरून बंद झाला आणि जड गाड्यांना आडवाटा धराव्या लागल्या. विक्रमी रस्त्यावर क्लच जळत नाही. आडवाटेवरच्या प्रत्येक गावात, प्रत्येक गतिरोधकाला तो थोडाथोडा जळतो.

•

क्लच किती जोर पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं. प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगची पकड, प्लेटचा घेर आणि घासणाऱ्या बाजू किती. एका प्लेटला बाजू दोनच. ३५२ मिलिमीटरच्या जागी ३८० ची बसली तर त्याच दाबात आठेक टक्के जोर जास्त पेलेल. बसली तर! फ्लायव्हीलचा चेहरा तेवढा रुंद हवा, बोल्टांची भोकं जुळायला हवीत. म्हणजे फ्लायव्हीलही बदला. तो खर्च ऐकून बहुतेक मालक घेराचा विषय सोडून देतात आणि दाबाकडे वळतात. दाब वाढवला की पॅडल जड होतं. बूस्टर असेल तर पायाला ते कळत नाही, बेअरिंगला आणि फोर्कला कळतं.

•

सिरॅमिकचं वेड. फायबरच्या प्लेटवर लायनिंगचं सलग कडं असतं, सिरॅमिकवर सुटी बटणं. उष्णता भरपूर सोसतात, पकड घट्ट. मुरमाच्या टिप्परला किंवा सतत चढ चढणाऱ्या गाडीला उत्तम. पण सिरॅमिकच्या प्लेटला हळूच लागणं ठाऊक नाही. क्लच सोडला की गाडी उडी मारते आणि तो धक्का जॉइंटच्या क्रॉसला, क्राऊन-पिनियनला, अॅक्सलला जातो. फायबरची प्लेट सरकते, म्हणजे पुढचं महागाचं सामान वाचवते. फ्लायव्हीलही सिरॅमिकने लवकर खाल्लं जातं. केळीच्या घडांनी भरलेल्या गाडीला झटका मारणारा क्लच लावणं मला शुद्ध हट्ट वाटतो. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे नेमाने भरून जाणारा असेल तर त्याने विचार करावा. अंजनगाव आणि अकोल्याच्या फेऱ्या मारणाऱ्याला चांगल्या कंपनीची फायबर पुरे.

•

कंपन्या: साक्स, ल्युक, व्हॅलिओ, लाइप. लाइप हे नाव मूळचं अमेरिकेतलं, पण इथे मिळणारी गुजरातच्या पंचमहालात कालोलला सेटको कंपनीत बनते. दुकानात वाद नावांवरून होतो. नीट पाहायचं ते गाडीच्या मॉडेलचा नंबर आणि प्रायमरी शाफ्टच्या दात्यांची संख्या. दात्यांत एकाचा फरक पडला तर प्लेट शाफ्टवर चढतच नाही, आणि हे कळतं तेव्हा गिअरबॉक्स आधीच खाली उतरलेला असतो.

•

प्लेट खरंच गेली का? हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकून बंद पडलं तर प्लेट जिवंत. फिरतच राहिलं तर गेली. पण काढण्याआधी एक बघावं: क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपतं का. तेलकट प्लेट सरकणारच. सील तसंच ठेवून नवी टाकली तर तीही तेलात न्हाणार.

•

बसवताना. जॉइंट सोडला, गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर मागे ओढला. मिस्तरी आधी फ्लायव्हीलवर बोट फिरवतो. निळे डाग म्हणजे तापलेलं. केसासारखी चीर लागली तर तो लेथवाल्याकडेही पाठवत नाही, बाजूला टाकतो. डाग नुसते असतील तर फेसिंग, तेही मर्यादेत. पायलट बेअरिंग नवंच. नव्या प्रेशर प्लेटला गंज न लागावा म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, तो पेट्रोलने पुसून काढायचा. लायनिंगला ग्रीसचा हात लावायचा नाही. हाताखालचं पोरगं लावतं, शिव्या खातं.

मग प्लेटची बाजू. ‘फ्लायव्हील साइड’ असं लिहिलेलं असतं. उलटी बसली तर मधल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतात. मध्य धरायला जुना प्रायमरी शाफ्ट डमी म्हणून घालतात. बोल्ट समोरासमोरचे, अर्धा अर्धा आटा. एकीकडून करकचून आवळत गेलं की कव्हर तिरपं होतं आणि क्लच जन्मभर थरथरतो. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचा भार शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, हब वाकतं.

“घाई करशीन तं दोनदा खोलशीन,” मिस्तरी पोराला सांगतो. त्याचा स्वतःचा जॅकवरचा हात मात्र एकदाही ढिला पडत नाही.

•

जुन्या प्लेटची काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवायची सवय सगळीकडे आहे. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं लागतात. पोरांना कोणी सांगत नाही, हे मला खटकतं.

•

नव्या प्लेटवर पहिली खेप पूर्ण भरून घाटाला न्यायची नसते. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना घासून बसेपर्यंत पकड पुरती येत नाही. मालकाला हे पटत नाही, कारण गाडी आधीच दोन दिवस उभी आहे आणि व्यापाऱ्याचा फोन सुरू आहे. निघताना मिस्तरी मालकाशी बोलतच नाही. ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगतो, “भाऊ, रांगेत न्यूट्रल कर. अन् चार दिवसांनी दाखवून जा, बोल्ट पाहू.”